विश्लेषण : डोसची नोंद आयुष्यभर, मग कौशल्याची का नाही? अणुवीज केंद्रांतील वेल्डर-फिटरचा प्रश्न

तारापूर, कैगा, रावतभाटा, कल्पाक्कम. शटडाउनच्या कामासाठी या ठिकाणी ठेकेदारामार्फत फिरणारा पाइप वेल्डर पंधरा वर्षांनी दुसरीकडे नोकरी मागायला जातो, तेव्हा बायोडेटात लिहिण्यासारखे त्याच्याकडे फारसे काही नसते. केलेल्या जोडाचा फोटो नाही, कारण मोबाइल गेटच्या आत जात नाही. ड्रॉइंगची प्रत नाही, कारण ती बाहेर नेणे हा गुन्हा ठरतो. याच पंधरा वर्षांत त्याच्या शरीराने किती किरणोत्सार झेलला, याची नोंद मात्र सरकारकडे व्यवस्थित जपलेली असते.

आत जाण्याआधी काय होते?

पोलीस पडताळणी, ठेकेदाराचे पत्र, गेटपास आणि सीआयएसएफची झडती. १९२३चा शासकीय गुपिते कायदा इथे लागू असतो, त्यामुळे आत काय पाहिले हे घरीही सांगायचे नसते. किरणोत्साराच्या भागात काम असेल तर छातीवर टीएलडी बॅज लागतो. त्यातील छोट्या चकत्या किरणोत्साराची ऊर्जा साठवतात. नंतर त्या तापवल्या की प्रकाश देतात आणि त्यावरून डोस मोजला जातो. अणुवीज केंद्रांत हा बॅज दर महिन्याला तपासला जातो.

अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट इतकी आहे. ही बेरीज केंद्र बदलले म्हणून शून्यावर येत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या राष्ट्रीय डोस नोंदवहीत प्रत्येक कामगाराला एक क्रमांक मिळतो. ठेकेदार बदलला, राज्य बदलले, तरी क्रमांक तोच राहतो. व्यवस्था चोख आहे आणि त्याबद्दल कौतुकही करायला हवे.

जोडाची कसोटी कशी लागते?

आयटीआयमधून बाहेर पडलेला मुलगा सपाट पट्टीवर वेल्डिंग शिकलेला असतो. इथे लागतो तो ४५ अंशांत तिरका धरलेला पाइप, ज्याला भोवती फिरून, कधी पडून, कधी आरशात बघून शिवण घालायची. पहिला थर आर्गनचा. नंतर त्या जोडाचा एक्स-रे निघतो आणि आत बारीकसा पोकळ बुडबुडा सापडला तरी जोड कापावा लागू शकतो. किरणोत्साराच्या जागी याला आणखी एक अट जोडली जाते, ती वेळेची. म्हणून आधी बाहेर हुबेहूब मांडणी करून सराव होतो आणि आत मोजकी मिनिटे मिळतात. हे काम जमणारे हात तयार व्हायला वर्षे लागतात.

गंमत अशी की, या कसोटीचे प्रमाणपत्रही वेल्डरचे स्वतःचे नसते. एएसएमई संहितेनुसार पात्रता चाचणी घेणारी कंपनी त्या पात्रतेची जबाबदार असते. नव्या ठेकेदाराकडे सहसा नवी चाचणी द्यावी लागते. सहा महिने त्या पद्धतीचे वेल्डिंग केले नाही तरी पात्रता संपते.

कायदा काय म्हणतो?

कायदा गप्प नाही. कंत्राटी कामगारांच्या १९७१च्या केंद्रीय नियमांत ठेकेदाराने सेवा प्रमाणपत्र द्यावे, असे होते. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही मागणी केल्यास अनुभव प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. पण ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात ‘वेल्डर’ एवढा एक शब्द लिहिला की नियम पाळला गेला! गेटची जाळी वेल्ड करणारा आणि अणुभट्टीची शीतक वाहिनी जोडणारा कागदावर एकसारखेच दिसतात. मजुरीही त्याच कागदावर ठरते.

देशाचा तोटा कुठे?

माझगाव डॉकचे उदाहरण पुरेसे आहे. ‘शाल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये नौदलात आली. मग मुंबईतील पाणबुडीबांधणी थांबली आणि तयार झालेले वेल्डर-फिटर पांगले. २००५ मध्ये स्कॉर्पीनचा करार झाल्यावर ती फळी नव्याने उभारावी लागली. ‘कलवरी’ नौदलात यायला २०१७चा डिसेंबर उजाडला. या विलंबाची कारणे अनेक होती, पण हरवलेले कसब हे त्यांतले एक होते.

आता २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुऊर्जेचे लक्ष्य २०२५च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले आहे. २०२५ मध्ये क्षमता नऊ गिगावॉटच्या आत होती. भाषणांत चर्चा अणुभट्ट्यांची होते, त्या जोडणार कोण हा प्रश्न निविदेच्या मागच्या पानावर राहतो.

सुरक्षेचा आक्षेप खरा आहे का?

आहे, आणि तो हलका नाही. २००९ मध्ये कैगा येथे पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कोणीतरी ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले आणि पन्नासहून अधिक कामगारांना त्याची बाधा झाली. आतल्या माणसाकडून धोका असू शकतो, हे तेव्हा दिसले. शिवाय कोणाला काय येते याची यादी चुकीच्या हाती पडणे परवडणारे नाही. पण कोणाला किती डोस मिळाला हे सांगणारी डोसची नोंदवही आजही आहेच, आणि ती सांभाळलीही जाते. त्याच क्रमांकापुढे धातू, जाडी, वेल्डिंगची पद्धत आणि एक्स-रेत उत्तीर्ण झालेले जोड इतके लिहिले तर कोणते गुपित फुटते? त्यात इमारतीचे नाव नको, यंत्राचे नको, ड्रॉइंगचा क्रमांकही नको. लपवायचे असते ते यंत्राचे रहस्य. वेल्डरचा हात त्याचा स्वतःचा असतो.

त्यासाठी संसदेत जाण्याचीही गरज नाही. अणुवीज केंद्रांत न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन ही मूळ नियोक्ता आहे. पुढच्या शटडाउनच्या निविदेत एक अट घालता येईल : सेवा प्रमाणपत्राला वेल्डरनिहाय चाचणीचा गोषवारा जोडल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल निघणार नाही.