इंजिनाचा उसासा आणि तेलाचा डबा



कापसाच्या भावाचे सोडून या पानावर मोटारीच्या डब्याचा विषय कशाला, असे काही जणांना वाटेल. वाटू द्या. फुलंब्री, सिल्लोड, कन्नडच्या कोरडवाहू शिवारातला कापूस आज जिनिंगपर्यंत जातो तो दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या डिझेल पिकअपमधून आणि जुन्या जीपमधून. या गाडीचे इंजिन काम निघाले की पांढऱ्या सोन्यातून सुटलेला पैसा मेस्त्रीच्या गल्ल्यात जातो. शेतमालाच्या भावाचा हिशेब आपण पैशापैशाने मांडतो. मग तो माल वाहणाऱ्या यंत्राचा हिशेब का मांडू नये?

इंजिन चालताना पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा दाबाचा वायू खाली तेलाच्या टाकीत, म्हणजे चेंबरमध्ये उतरतो. मेस्त्री याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. नव्या इंजिनातही ते थोडे असतेच. हा वायू बाहेर काढला नाही तर चेंबरमध्ये दाब साठतो आणि ऑइल सील फुटतात. म्हणून इंजिनाला ब्रीदर ठेवलेला असतो. इंजिनाचा उसासाच म्हणा. या उशाशाबरोबर तेलाचे बारीक तुषार, पाण्याची वाफ आणि न जळलेले इंधन बाहेर येते.

जुन्या ट्रॅक्टरला, जुन्या जीपला हा पाइप खाली मोकळा सोडलेला असे. थेंब टपकले तर जमिनीवर. पुढे हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न आला आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९६१ च्या मोटारींपासून हा वायू परत इंजिनातच जाळायची व्यवस्था सुरू झाली. कल्पना चांगलीच होती. पण वायूबरोबर तेलही परत जाऊ लागले. आजच्या डिझेल गाडीत ते टर्बोच्या नळीत, इंटरकूलरमध्ये साचते. त्यातच ईजीआर व्हॉल्व्हमधून धुराड्याची काजळी परत येते. तेल आणि काजळी एकत्र आली की इनटेक मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसतो, हवेची वाट अरुंद होते, गाडी ओढत नाही. चाळीसगावकडून औट्रम घाट भरल्या गाडीने चढणाऱ्याला हे सांगायला नको. इंजिनावर भार जितका जास्त तितका हा उसासाही मोठा.

यावर उपाय म्हणजे ब्रीदर आणि इनटेक यांच्यामध्ये एक डबा बसवायचा. मोटारीच्या शौकिनांनी त्याला कॅच कॅन असे भारदस्त नाव दिले आहे. यात अगम्य काही नाही. ट्रॅक्टरचा ऑइल बाथ एअर क्लीनर ज्याने धुतला आहे त्याला हे तत्त्व ठाऊक आहे. हवा एकदम वळते, जाळीतून जाते. जड धूळ वळू शकत नाही, तेलात अडकते. इथे धुळीच्या जागी तेलाचा तुषार, एवढाच फरक.

बाजारात हे डबे रंगीत, चकचकीत मिळतात आणि त्यांची किंमत त्या चकाकीचीच असते. स्वस्तातले कित्येक डबे आतून निव्वळ पोकळ निघतात. एका तोंडातून आलेला वायू दुसऱ्या तोंडातून तसाच निघून जातो, डबा मात्र बॉनेटखाली शोभेला. विकत घ्यायचाच असेल तर झाकण उघडून आत आडवा पत्रा किंवा जाळी आहे की नाही ते बघावे. दुकानदार उघडू देत नसेल तर उठून यावे.

आमचे मत असे की हा डबा घरचा करावा. वाळूज आणि चिकलठाण्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने उभे आहेत, त्या कामावर हात बसलेले लेथवाले आणि वेल्डर या शहरात गल्लोगल्ली आहेत. जाड पत्र्याचा अर्धा ते एक लिटरचा डबा, त्याला दोन नळ्या, तळाशी एक ड्रेन कॉक. कोणत्याही चांगल्या वेल्डरचे हे काही तासांचे काम. आत येणारी नळी डब्यात अर्ध्यापर्यंत उतरवावी, बाहेर जाणारी अगदी वरून काढावी. दोहोंच्या मध्ये भोकाभोकांचा पत्रा आणि त्यावर स्टीलची तारघासणी घट्ट बसवावी. घासणी स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी. साध्या लोखंडी तारेचे गंजून तुकडे पडतात आणि तो चुरा टर्बोच्या पात्यांवर गेला तर डब्याने वाचवलेल्या पैशाच्या कित्येक पट नुकसान होते.

नळीच्या बाबतीत मात्र काटकसर नको. पाणी सोडायची नळी तेलाने आणि उष्णतेने फुगून चिकटते. तेल सोसणारी रबरी नळी घ्यावी, तिचा आतला व्यास कंपनीच्या मूळ पाइपाइतका असावा, क्लिपा पक्क्या आवळाव्यात. कॉम्प्रेसरच्या हवेतले पाणी काढायला जो लहान फिल्टर असतो तोच काही जण लावतात. त्याचे तोंड फार बारीक असते. उसाशाची वाट तिथे तुंबली की सील गळू लागतात, म्हणजे रोगापेक्षा औषध भारी. पेट्रोल गाडीत तर इनटेकची ओढ जबर असते. प्लॅस्टिकची बाटली आत चेपते, आणि जोड जरा सैल राहिला तरी गाडी आयडलला धरत नाही.

डबा वेळेवर रिकामा न केल्याचा धोका वेगळा सांगायला हवा. तो काठोकाठ भरला आणि तेलाचा लोंढा इनटेकमध्ये ओढला गेला तर डिझेल इंजिन त्याच तेलावर पळू लागते. किल्ली काढली तरी ते थांबत नाही, कारण जाळायला तेल मिळतच असते. हवा तोडल्याशिवाय ते बंद होत नाही, आणि तोवर बहुधा इंजिन हातचे गेलेले असते. म्हणून पहिले काही आठवडे डबा वरचेवर बघावा, किती साचते याचा अंदाज घ्यावा. थंडीच्या दिवसांत वाफेचे पाणी जास्त साचून तेल दुधाळ दिसते, त्याला घाबरू नये. ते तेल पुन्हा इंजिनात ओतू मात्र नये आणि विहिरीच्या कडेलाही ओतू नये.

आणि हा डबा प्रत्येकाला लागतोच असेही नाही. इंजिन चालू ठेवून तेल भरायचे झाकण उघडावे, उलटे करून तोंडावर नुसते ठेवावे. झाकण उडत असेल, भकाभका धूर येत असेल, तर रिंगा आणि लायनर गेलेले आहेत. तिथे डबा लावणे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणे. एप्रिल-मेच्या धुळीत एअर फिल्टरकडे दुर्लक्ष करणाऱ्याच्या रिंगा अशाच जातात. त्याने आधी फिल्टर बदलावा.

आता कायद्याचे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहाच्या गाड्या विकल्या जातात. तशा गाडीचा ब्रीदर उघड्यावर सोडणे प्रदूषणाच्या नियमात बसत नाही, म्हणून डब्यातून निघालेली नळी परत इनटेकलाच जोडावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ रचनेतल्या बदलांना मनाई आहे, त्यामुळे गाडीत काही जोडले की बोट ठेवायला जागा मिळते. वॉरंटीतल्या गाडीला हात लावण्यापूर्वी कंपनीचे कागद वाचावेत. बारीक अक्षरात असतात, तरी वाचावेत.

खरा वाद इथूनच सुरू होतो. पैसे मोजून घेतलेल्या यंत्राचा मालक कोण? जुने पाण्याचे इंजिन शेतकरी बांधावर बसून पान्याने खोलत असे. आजच्या यंत्राला कंपनीचा संगणक लावल्याशिवाय काय बिघडले तेही कळत नाही. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी यावर भांडण मांडले. जानेवारी २०२३ मध्ये जॉन डीअर कंपनीला तिथल्या फार्म ब्यूरोशी दुरुस्तीबाबत करार करावा लागला, कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रे दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने याच कंपनीवर खटला भरला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, तिच्या कक्षेत शेतीची अवजारेही घेतली, डिसेंबर २०२२ मध्ये एक पोर्टल काढले. कागद झाला, हक्क राहिला.

शरद जोशींनी बाजाराच्या स्वातंत्र्याबरोबर तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागितले, ते बियाण्यापुरते नव्हते. जून २०१९ मध्ये अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी उघडपणे बंदी असलेले कापसाचे बियाणे पेरले तो याच मागणीचा भाग. पान्याचे स्वातंत्र्य त्यात धरायलाच हवे. आणि मेहेरबानी करून या डब्यावर अनुदान कोणी मागू नये. अनुदान आले की डबा यादीतल्या पुरवठादाराचाच घ्यावा लागेल, किंमत तिप्पट होईल आणि आत जाळी नसेल.

येत्या जिल्हा बैठकीत प्रत्येक तालुक्याने एकच ठराव आणावा: ट्रॅक्टर आणि मालगाडी विकताना दुरुस्तीचे पुस्तक मराठीत द्यावे, बिघाडाच्या सांकेतिक क्रमांकांचे अर्थ त्यात छापावेत, आणि सुटे भाग व तपासणीची साधने गावच्या मेस्त्रीलाही विकत मिळावीत. ज्यांनी घरी डबा बनवला आहे त्यांनी तो सोबत आणावा.