बायोनिक हात घेताय? बोटांआधी सॉकेट बघा!

बायोनिक हाताच्या रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. पाच बोटं वेगवेगळी हलतात, ग्लास उचलतात, खाली कमेंट्सचा पाऊस. थ्रीडी प्रिंटिंगमुळे असे हात भारतातही बनू लागलेत, हे भारीच आहे. पण रीलमध्ये एक भाग सहसा दिसत नाही: सॉकेट, म्हणजे उरलेला हात ज्या कपात बसतो तो. माझ्या मते हात रोज वापरला जाणार की कपाटात पडणार, हे बरंचसं तिथेच ठरतं.

हा हात त्वचेवरच्या इलेक्ट्रोडमधून स्नायूंचे अगदी क्षीण सिग्नल वाचतो. घामाने किंवा वजनाने सॉकेट सरकला, की इलेक्ट्रोडचा संपर्क तुटतो. मूठ उघडत नाही, नाहीतर भलत्या वेळी उघडते. मी सॉफ्टवेअरवाला असूनही सांगतो, इनपुटच गचाळ असेल तर एआय फार काही करू शकत नाही. चार्जर ६५ वॉटचा, पण पिन लूज, तसली गत.

मग कुठलं डिझाइन चांगलं?

म्युन्स्टर: १९५० च्या दशकातलं जर्मन डिझाइन. कोपराखालचा हात आखूड उरला असेल तर उपयोगी. कोपर पुढून-मागून धरतं. पकड पक्की, पण कोपर पूर्ण वाकत नाही की सरळ होत नाही.

नॉर्थवेस्टर्न: अमेरिकेतलं. कोपराच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर पकड घेतं. कोपर जास्त मोकळं राहतं, पण उरलेला हात थोडा लांब हवा.

हाय-फिडेलिटी: अमेरिकन प्रोस्थेटिस्ट रँडल अ‍ॅली यांचं. उभ्या पट्ट्यांमध्ये दाब, मधे मोकळ्या खिडक्या. दाबलेलं मांस खिडक्यांत सरकतं, त्यामुळे आतलं हाड कमी हलतं. माप चुकलं तर मात्र त्रास.

चौथा मार्ग स्वीडनमधून आला: सॉकेटच नको, हाडात टायटॅनियमचा इम्प्लांट. पण त्यासाठी शस्त्रक्रिया लागते आणि धातू त्वचेबाहेर येतो तिथे संसर्गाचा धोका राहतो.

म्हणजे ‘बेस्ट’ असं एकच डिझाइन नाही. हात किती उरलाय आणि काम काय करायचंय, त्यावर ते ठरतं. म्हणून घरच्या कुणासाठी हात घेताना, किंवा क्राउडफंडिंगला पैसे देताना, तीन प्रश्न विचारा. आधी ट्रायल सॉकेट घालून बघता येईल का? हात डोक्यावर नेल्यावरही मूठ नीट उघडते का? आणि पहिल्या वर्षात उरलेल्या हाताचा आकार बदलतो, तेव्हा नवा सॉकेट कोण आणि कितीत बनवून देणार?

तिसऱ्याचं उत्तर गोलमोल आलं, तर थोडं थांबा.