कागदावरचा पोशाख

रमजानचा दुसरा अशरा लागला की जळगाव-धुळ्याच्या मोहल्ल्यांत शिलाई मशीन रात्री उशिरापर्यंत थांबत नाही. ईदचे शरारे, कुर्ते, बुरखे आपल्याच घरातल्या मुली-सुना शिवतात. पण त्यांना मजुरी मिळते ती फक्त टाक्यांची. पोशाख मनात रचून तो कागदावर उतरवणे हेही एक हुनर आहे आणि त्याचे मोल वेगळे असते.

फ्रान्सचे ख्रिश्चन डिओर यांनी स्वतःची पेढी उघडण्याआधी पोशाखांची चित्रे विकून दिवस काढले. १९४७ मध्ये त्यांचा बारीक कंबरेचा, मोठ्या घेराचा पोशाख जगभर गाजला. त्यांच्याकडे आधी चित्र तयार होई. मग कारागीर बायका साध्या सुती कापडावर कच्चा नमुना शिवत. तो जमला, तरच भारी कापडाला कात्री लागे.

आपल्या महाराष्ट्रातही असे घडले आहे. कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये, म्हणजेच पुढच्या भानू अथैया, यांचे चित्रकार वडील लवकर वारले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या भानूताई ‘ईव्ह्ज वीकली’साठी पोशाखांची चित्रे काढत. संपादिकेने बुटीक उघडले आणि त्यांना कपडेही तयार करायला सांगितले. तिथून त्या चित्रपटांकडे वळल्या. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

काही घरांत मुलीने चित्र काढायला घेतले की हरकत घेतली जाते. अशा वडीलधाऱ्यांना आम्ही इतकेच सांगू की शिवणकामाच्या चित्राला ना चेहरा लागतो, ना शरीर. कुर्ता सतरंजीवर पसरून ठेवावा तसा तो पुढून आणि मागून काढायचा. गळा, चुण्या, शिवण, बटणे जागच्या जागी दाखवायची.

मुलीला एक वही आणून द्या. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर माप, कापड, मजुरी आणि देण्याची तारीख. कापड कापण्याआधी ते पान गिऱ्हाईकाला दाखवावे. मग चाँदरातीला ‘असा गळा सांगितलाच नव्हता’ हा वाद होत नाही. शाळेत असेल तर तिला शासकीय रेखाकला परीक्षेलाही बसवा.

शिवलेला कपडा गिऱ्हाईक घेऊन जाते. वही मात्र मुलीजवळ राहते, आणि पुढच्या ईदला तीच तिची पुंजी ठरते.