गीझर तर आला, पण पाइपांचं काय?

मागच्या डिसेंबरात माझी रूममेट बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. सकाळचे साडेआठ. तिला नऊची कंपनीची बस गाठायची होती आणि मी रात्रभर लेख खरडून नुकतीच झोपले होते. धप्पकन आवाज आला म्हणून धावले. नशीब, कडी लावली नव्हती. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "गॅसचा गीझर आहे का?"

आहे ना. बाथरूमच्या आतच. आणि गार वारा येतो म्हणून ती इवलीशी खिडकी आम्हीच पुठ्ठा लावून बंद केलेली!

हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर गळला तर नाकाला कळतं. याला रंग नाही, वास नाही. थेट चक्करच.

ती दोन दिवसांत ठणठणीत झाली, पण तो गीझर आता नको होता. घरमालकीणकाकू फोनवर म्हणाल्या, "विजेचा लावून टाका गं, पंधरा मिनिटांचं काम."

पंधरा मिनिटं? बॉस, अख्खे दोन दिवस गेले.

प्लंबरदादांनी भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, गीझर लागणार वर, पाइप निघतायत खाली. जोडू कशाला?" जुना गीझर डोळ्यांसमोर टांगलेला. नवा 25 लिटरचा, पाण्यासकट तीसेक किलो तरी भरणार, तो वर छताजवळ, आणि तोही जाड भिंतीवर हवा. मी शहाणपणा केला, "लांब नळी लावा ना!" दादांनी उत्तरसुद्धा दिलं नाही.

जुन्या लोखंडी पाइपाला पाना लावला तर आटेच हातात आले. आत इतका गंज, की पाणी जायला जेमतेम पेन्सिलीएवढं भोक. तीन वर्षं आम्ही शॉवरच्या त्या बारीक धारेबद्दल महापालिकेला शिव्या देत होतो! मग भिंत फोडून सीपीव्हीसीचे पाइप वरपर्यंत नेले. साधा पीव्हीसी स्वस्त पडतो, पण गरम पाण्याने मऊ पडतो, तेव्हा तो मोह नको. सांधे रात्रभर वाळू दिले, म्हणजे दुसऱ्या दिवशी आंघोळीला गोळी! इलेक्ट्रिशियनने 16 अँपिअरचा सॉकेट बसवला, अर्थिंग तपासलं. 2000 वॅटचं धूड मोबाइल चार्जरच्या सॉकेटवर चालत नाही.

तिसऱ्या दिवशी गीझरखालच्या व्हॉल्व्हमधून टप टप. शेजारचे काका म्हणाले, "बूच मारून टाक." सुदैवाने आधी दादांना फोन केला. ते ओरडलेच, "अजिबात नाही!" पाणी तापलं की फुगतं, 25 लिटर चांगलं तापलं तर जवळजवळ अर्धा लिटर वाढतं. मागे जायला वाट नसते, म्हणून दाब वाढला की तो व्हॉल्व्ह थोडं पाणी सोडतो. तोच बंद केला तर टाकी फुटायची. तापताना ठिबकलं तर ठीक, गीझर बंद असतानाही गळत राहिलं तर व्हॉल्व्ह बदला.

पुठ्ठा मी काढून टाकलाय. पाइपांचे पैसे भाड्यातून वळते करायला काकू तयार झाल्यात. गीझरच्या पैशांबद्दल बोलणी चालू आहेत.