सुरीची मूठ

गेल्या दिवाळींत धाकट्या चिरंजीवांनीं पुण्याहून येतांना स्वयंपाकघरासाठीं दोन सुऱ्या आणल्या. दोन्ही एकाच पेटींतल्या, एकाच घडणीच्या; मुठी तांबूस-काळ्या, शिसवीचा भास व्हावा अशा गुळगुळीत. आषाढ लागतां लागतां त्यांपैकीं एकीची मूठ उकलली. पोथीचीं पानें सुटावीं तसे लांकडाचे थर सुटले, आणि भाजी चिरतांना मोठ्या सूनबाईंच्या तळहातांत कूस रुतली. मीं तत्काळ दोन निकाल दिले : दुकानदार लबाड, आणि सूनबाई निष्काळजी. जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाला निकाल देण्याची घाई फार!

सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. परंतु नातवानें दुसरी सुरी आणून माझ्यापुढें ठेवली. तिची मूठ जशीच्या तशी! ही सुरी सौभाग्यवतीनें नैवेद्याचीं फळें चिरण्यासाठीं निराळी ठेवलेली. फळ चिरलें कीं ती लागलीच धुऊन, फडक्यानें पुसून, उभी ठेवण्याचा तिचा परिपाठ. पहिली सुरी मात्र खरकट्या भांड्यांबरोबर मोरींतल्या घमेल्यांत जाई आणि भांडीं घासण्याची वेळ येईपर्यंत तेथेंच बुडून राही. आमच्या मराठवाड्यांत पाणी जपून वापरण्याची संवय जुनी. म्हणून भांडीं एकदम भिजवून एकदम घासावींत, हा नियम मींच घालून दिलेला. तेव्हां दोष ना दुकानदाराचा, ना सूनबाईंचा; तो माझ्या नियमाचा ठरला.

आतां या मुठीचें मर्म पाहूं. तें अखंड लांकूड नव्हे. लांकडाचे पातळ पापुद्रे कृत्रिम राळेंत भिजवून, एकावर एक रचून, उष्णता व मोठा दाब देऊन त्यांचा एकजीव ठोकळा करतात. बाजारांत त्याला 'पक्कावूड' म्हणतात. चांगल्या प्रतींत ही राळ फिनॉल व फॉर्मल्डिहाइड यांची असते. लिओ बेकलंड यांनीं 1907 सालीं शोधलेल्या बेकेलाइटच्याच कुळांतली. विजेचीं जुनीं काळीं बटणें ज्यांनीं वापरलीं, त्यांना ती ओळखीची आहे.

लांकूड पाणी पितें, आणि फुगतें तें लांबींत फारसें नव्हे, तर रुंदींत. वैशाखांत सैल असलेलें दार श्रावणांत घट्ट बसतें, तें यामुळेंच. साधी मूठ वारंवार फुगून वारंवार सुकली कीं तिला चिरा पडतात. राळेनें लांकडाचीं सूक्ष्म छिद्रें भरलीं म्हणजे पाण्याची वाट बरीचशी बंद होते. म्हणून थरांची मूठ साध्या मुठीहून अधिक टिकते, हें खरें. परंतु 'बरीचशी' म्हणजे 'सर्वस्वी' नव्हे. कापलेल्या कडा आणि रिबिटांचीं भोकें येथून पाणी शिरतेंच. शिवाय लांकूड फुगतें, पोलाद फुगत नाहीं. त्या ओढाताणींत दोहोंमध्यें फट पडते आणि तींत अन्नाचे कण कुजतात. राळ हलकी असेल तर थरच सुटतात. प्लायवूडमध्यें हा भेद स्पष्ट दिसतो : सागरी प्रतीच्या फळीचा चिकटा भारतीय मानकाप्रमाणें 72 तास उकळत्या पाण्यांत टिकावा लागतो, कोरड्या जागेसाठीं केलेली स्वस्त फळी तेथें तग धरीत नाहीं. सुरीच्या मुठीवर मात्र असा शिक्का नसतो. म्हणून तिला जपूनच वागवावें.

जपणें तरी काय? सुरी वापरतांच कोमट पाण्यानें व सौम्य साबणानें धुवावी, लागलीच पुसावी आणि सावलींत सुकूं द्यावी. ती चुलीजवळ वा उन्हांत ठेवूं नये. भांडीं धुण्याच्या यंत्रांत तर ती घालूंच नये. तेथील कढत पाणी, तीव्र क्षार आणि पुष्कळ वेळ कोंडलेली वाफ मुठीला सोसत नाहीं. मूठ निस्तेज झाल्यास बारीक पॉलिश कागदानें हलकेच घासून जवसाच्या तेलाचा पुसट हात द्यावा व तें पूर्ण वाळूं द्यावें. शेंगदाण्याचें तेल वाळत नाहीं. तें चिकट होऊन खवट वास येतो. आणि मूठ एकदां हलूं लागली, कीं ती दुरुस्त होईपर्यंत सुरी बाजूला ठेवावी. हलत्या मुठींतलें पातें केव्हां फिरेल याचा नेम नाहीं.

तलवारीच्या मुठीसाठीं अमरकोशांत 'त्सरु' असा स्वतंत्र शब्द आहे. धारेची पारख आपण सर्वच करतों. जी हातांत राहते तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. घरांतल्या माणसांविषयींही आपलें असेंच होतें.

दुकानदारास लिहिलेलें पत्र मीं फाडलें. सूनबाईंना सर्वांदेखत बोललों होतों, म्हणून सर्वांदेखतच माझी चूक कबूल केली. गांवच्या सुतारानें त्या सुरीला सागवानी मूठ बसवून दिली आहे. घरांत नवा नियम असा कीं, जो चिरील त्यानेंच सुरी धुऊन पुसून ठेवावी, पुरुषांनींसुद्धां. काल काकडी चिरून मीं सुरी तशीच ठेवली, तेव्हां नातवानें मला अंगठे धरून उभें करण्याची धमकी दिली!