रात्रींची दुर्बीण : कोणीं घ्यावी व कशी वापरावी

अलीकडे शेतकरीवर्गांत रात्रींच्या दुर्बिणीची चर्चा बरीच ऐकूं येते. एका डोळ्यास लावून अंधारांत पाहण्याचें हें लहानसें यंत्र, ज्यास बाजारांत नाइट व्हिजन मोनोक्युलर म्हणतात, पूर्वीं मुख्यतः लष्कराजवळ असे. आतां तें कोणासहि विकत मिळूं लागलें आहे. रानडुकरांनीं मका व भुईमूग उकरला, विदर्भांत रोह्यांनीं हरभरा तुडविला, राधानगरीकडे गव्यांनीं ऊस मोडला, कीं जागल करून थकलेल्या शेतकऱ्याचें लक्ष जाहिरातीकडे जातें. ही वस्तु घ्यावी कीं न घ्यावी, असें कित्येक सभासदांनीं आम्हांस विचारलें आहे. आमचें मत असें कीं, पीक राखण्यासाठीं म्हणून ती घेऊं नये. रात्रीं पाणी देणाऱ्या माणसाच्या जिवासाठीं मात्र चार घरांनीं मिळून अवश्य घ्यावी.

प्रथम आमची चूक सांगतों. आमची सारी नोकरी महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. सही नसलेला अर्ज आम्हीं कधीं पुढें पाठविला नाहीं. परंतु निवृत्तीनंतर चौदा हजार रुपयांची दुर्बीण घेतांना तीच दक्षता आम्हांस सुचली नाहीं. भर दुपारीं दुकानांत उभे राहून, रस्त्यापलीकडची पाटी वाचून आम्ही खूष झालों. डब्यावर पांचशें मीटर छापलें होतें. रात्रीं शेतांत पाहतों तों सत्तर पावलांपलीकडे कांहीं तरी हालतें एवढेंच कळे. तें डुक्कर कीं शेजाऱ्याचें वासरूं, हें कळेना. दुकानदारानें ती परत घेतली नाहीं. पावतीवर तसें छापलेलेंच होतें, व तें आम्हीं वाचलें नव्हतें.

हीं यंत्रें तीन प्रकारचीं असतात. पहिल्यांत एक नळी असून ती चांदण्यांचा क्षीण उजेड अनेक पटींनीं वाढवून बहुधा हिरव्या पडद्यावर दाखविते. यांतील उत्तम प्रत आपल्या ऐपतीबाहेरची, आणि स्वस्त प्रत फारशी कामाची नाहीं. शिवाय प्रखर उजेडांत चालू केल्यास नळी बिघडते. दुसरा प्रकार डिजिटल. यांत कॅमेरा असतो व जोडीस एक दिवा असतो. त्या दिव्याचे किरण आपल्या डोळ्यांस दिसत नाहींत, पण कॅमेऱ्यास दिसतात. तिसरा प्रकार थर्मल. तो उजेड पाहतच नाहीं. अंगाची ऊब पाहतो. काळोख कितीहि असो, जनावर उठून दिसतें. परंतु आकृति दिसते, चेहरा दिसत नाहीं, आणि किंमत डिजिटलच्या कित्येक पट असते. थोड्या पैशांत घेणारास डिजिटल हाच मार्ग आहे.

डिजिटल घेतांना चार गोष्टी पाहाव्या. दिवा ८५० नॅनोमीटरचा असल्यास दूर पोहोंचतो, पण समोरून बारीक लाल ठिपका दिसतो. ९४०चा असल्यास ठिपका दिसत नाहीं, पण पल्ला कमी पडतो. आपणांस लपावयाचें नसल्यामुळें ८५०चा बरा. दुसरें, मोठेपणाचे आंकडे पाहून भुलूं नये. जितकें मोठें दिसेल तितका दिसणारा भाग अरुंद होतो व हात हलला कीं सर्व हलतें. तिसरें, सेल बाहेर काढून बदलतां येणारा असावा. दिवा लावला कीं तो लवकर उतरतो. चौथें, दंव व पावसाचा शिंतोडा सोसेल अशी बांधणी असावी.

आतां पिकाच्या राखणीसाठीं ती कां नको, तें सांगतों. जनावर हुसकावयाचें तर उजेड त्यास दिसला पाहिजे, आवाज त्यास ऐकूं गेला पाहिजे. दुर्बिणीचा उजेड त्यास जवळजवळ दिसतच नाहीं. त्या कामास चांगली बॅटरी, पत्र्याचा डबा आणि कुंपण हींच साधनें खरीं. कोणी म्हणतील, दुर्बीण बंदुकीस जोडूं. तसें मनांतहि आणूं नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी आहे; आणि पडद्यावर हालणारी आकृति डुकराची कीं दुसऱ्या बांधावरील जागल्याची, हें जो खात्रीनें सांगूं शकत नाहीं, त्याच्या हातून मनुष्यवध होण्यास वेळ लागत नाहीं.

खरा उपयोग निराळा आहे. शेतीपंपांची वीज अद्याप पुष्कळ ठिकाणीं रात्रीच्या पाळीस येते. दिवसां वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ सालीं निघाली. पण ज्याची पाळी रात्रीचीच आहे, त्यास आज रात्रीं दोन वाजतां दारें धरण्यास जावेंच लागतें. जुन्नर-आंबेगांवकडे तर बिबट्याची मादी उसांतच पिलें घालते. अशा वाटेनें जाणारानें बांधाच्या तोंडाशीं थांबून, वाट, पंपाची खोली व पाट एकदां डोळ्याखालून घालावा, एवढ्यासाठींच ही वस्तु मोलाची आहे. आमचा पुतण्या गेल्या माघांत असाच थांबला. पंपाच्या खोलीजवळ दोन चकाकणारे डोळे दिसले. कुत्र्याचेहि डोळे असेच चकाकतात. पण खात्री करण्यास पुढें न जातां तो परत फिरला. सकाळीं आम्ही जाऊन पाहिलें तों ओल्या मातींत बिबट्याचीं पावलें होतीं. एक पाळी गेली. माणूस घरीं आला.

मात्र भरंवसा मर्यादेंतच ठेवावा. पानांच्या आड बसलेलें जनावर कोणत्याहि दुर्बिणींतून दिसत नाहीं, थर्मलमधूनहि नाहीं. म्हणून उसाच्या आंत शिरण्याचा धीर तिच्यावरून घेऊं नये. धुक्यांत दिव्याचा उजेड उलट आपल्याच डोळ्यांवर येतो, आणि समोर गवत असल्यास पुढील सर्व नाहींसें होतें. दुर्बीण लावलेला डोळा दिपतो व अंधारास पुन्हां सरावण्यास वीस-तीस मिनिटें लागतात. म्हणून पडद्याचा उजेड अगदीं मंद ठेवावा, आणि पाहून झाल्यावर बॅटरी लावून, बोलत, दोघांनीं मिळून चालावें. पीक तुडविणारीं जनावरें टिपतां आलीं तर चित्र तारखेसह जपून ठेवावें व वनखात्याकडे अर्ज विलंब न लावतां द्यावा. पंचनाम्याचीं कागदपत्रें आम्हीं पुष्कळ हाताळलीं आहेत. उशिरां आलेल्या अर्जाची बाजू नेहमीं लंगडी पडते.

एका पाटावरच्या चार-पांच घरांनीं वर्गणी काढावी, कोणाच्या पाळीस दुर्बीण कोणाकडे हें वहींत मांडावें, आणि खरेदीपूर्वीं अमावास्येच्या सुमारास विक्रेत्यास आपल्या बांधावर बोलवावें. पन्नास पावलांवर गडी उभा करावा, मग शंभरांवर, आणि कोठवर माणूस म्हणून ओळखतां येतो तें स्वतः पाहावें. जो विक्रेता रात्रीं शेतावर येण्यास तयार नाहीं, निदान एक रात्र वस्तु वापरून पाहण्यास देत नाहीं, त्याच्याकडून ती घेऊं नये.