परगृहीचा पहिला सण

परमुलखी गेलेल्या मनुष्यास घराची आठवण सर्वांत तीव्र केव्हा होते, असा प्रश्न केला असता पुष्कळजण आजारपणाचे नाव घेतील. आमच्या मते सणाचा दिवस त्याहून कठीण. आजारी मनुष्यास घर आठवते, एवढेच. परंतु परक्या घरच्या सणात पाटावर बसलेल्या मनुष्यास आपण आता नेमके कोणत्या घरचे, हा प्रश्न पडतो. आणि ते परके घर विवाहाने आपले झालेले असेल, तर हा प्रश्न मोठ्याने विचारण्याचीही सोय नसते.

आपल्या पूर्वजांनी या अडचणीचा विचार केलेला दिसतो. नव्या जोडप्याचे पहिल्या वर्षाचे सण त्यांनी दोन्ही घरांत वाटून दिले. पहिली दिवाळी जावयाने सासुरवाडीस करावी. पहिल्या संक्रांतीस सुनेने काळी साडी नेसून व हलव्याचे दागिने घालून सासरी मिरवावे. मात्र पहिले वर्ष सरले की ही वाटणी संपते, आणि पुढील सर्व सण सुनेने सासरीच करावयाचे, याविषयी तिला कोणी विचारीत नाही. या गोष्टीकडे आम्ही शेवटी येणार आहोत. तत्पूर्वी वाचकांस एका दूरच्या घरी न्यावयाचे आहे.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या शिक्षणासाठी जर्मनीत गेली, तेथेच नोकरीस लागली आणि २०२५ च्या वैशाखात तिने एका पोलिश गृहस्थाशी विवाह केला. त्याच वर्षी दिवाळसणास जावई कोल्हापुरास आले. पहाटे उटणे लावून घेताना ते थंडीने कुडकुडले नाहीत, याचे आमच्या घरातील मुलांस फार नवल वाटले. ज्यांच्या गावी हिवाळ्यात बर्फ पडते त्यांस कोल्हापूरची ऑक्टोबरातील पहाट ती काय! लक्ष्मीपूजनास ते हात जोडून स्वस्थ बसले. त्यांच्यासाठी आमच्या भावजयींनी चिवडा निराळा, बिनतिखटाचा केला होता. डिसेंबरात ही मुलगी प्रथमच सासरच्या नाताळास गेली आणि परतल्यावर तिने आम्हांस संगणकावरून एक दीर्घ पत्र लिहिले. पुढील हकीकत त्या पत्रातील आहे.

पोलंडमध्ये नाताळाचा खरा समारंभ २५ डिसेंबरास नसून २४ च्या सायंकाळी असतो. त्या सायंकाळीस ते ‘विगिलिया’ म्हणतात. हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ जागर; आपल्या कोजागरीची आठवण व्हावी असाच. २०२५ पासून तेथील सरकारने या दिवसास सार्वजनिक सुटी दिली, त्यामुळे सासूबाईंस स्वयंपाकाला यंदा सबंध दिवस मिळाला. त्या प्रदेशात डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. मग घरातील मुले खिडकीशी उभी राहून आकाशातील पहिला तारा शोधतात आणि तो दिसल्यावाचून कोणी भोजनास बसत नाही. चंद्रोदयाची वाट पाहत चतुर्थीचा उपवास सोडणाऱ्या आपल्या घरांस हे निराळे सांगावयास नको.

मेजावर पांढरी चादर अंथरतात आणि तिच्याखाली मूठभर वाळलेले गवत ठेवतात. कारण ख्रिस्ताचा जन्म गोठ्यात झाला व त्यास गव्हाणीत निजविले, अशी कथा आहे. पदार्थ बारा करावयाचे. कोणी म्हणतात हे बारा म्हणजे ख्रिस्ताचे बारा शिष्य, कोणी म्हणतात वर्षाचे बारा महिने. दिवस उपवासाचा मानल्यामुळे त्यांत मांस नसते, मासे मात्र चालतात. आपण साबुदाण्यास धान्यात धरीत नाही, त्याच न्यायाने ते माशांस मांसात धरीत नसावेत. आमची पुतणी मासे खात नाही. सासूबाईंनी याविषयी एक शब्दही न काढता तिच्यासाठी बारा पदार्थांची मोजणी निराळी केली. बिटाचे तांबडे सार, पाण्यात उकडलेल्या व कोबी-अळंबीचे सारण भरलेल्या करंज्या, सुक्या फळांचे पेय, असे माशांवाचून बारा भरले. त्या घराण्याचे मूळ पूर्वेकडील असल्यामुळे गहू, खसखस व मध यांचा एक गोड पदार्थही होता. तिने लिहिले आहे, “काका, पहिला घास घेतला आणि मला आपल्या घरची गव्हाची खीरच आठवली.”

भोजनापूर्वीचा विधी मात्र तिला अवघड गेला. ‘ओप्वातेक’ नावाची, कागदासारखी पातळ पांढरी पोळी असते. तीवर ख्रिस्तजन्माची चित्रे उठविलेली असतात. ही चर्चच्या संस्कारातील पोळी नव्हे, घरातील आहे. प्रत्येकाने आपला तुकडा हाती घेऊन दुसऱ्याजवळ जावयाचे, त्याच्या तुकड्याचा कण मोडून खावयाचा, आपला त्यास द्यावयाचा आणि येत्या वर्षासाठी त्याचे शुभ चिंतावयाचे. असे प्रत्येकाने प्रत्येकाशी. वर्षभर ज्याच्याशी अबोला असेल त्याच्याशीही! आमच्या पुतणीस पोलिश भाषेची चार वाक्ये येत होती आणि तीही पाठ केलेली. सासूबाई समोर आल्या तेव्हा ती चारही वाक्ये विसरली व तिने मराठीत शुभ चिंतिले. सासूबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि पोलिशमध्ये उत्तर दिले. दोघींस एकमेकींचे काही कळले नाही आणि दोघींच्याही डोळ्यांस पाणी आले.

येथे आमच्यातील संस्कृतच्या जुन्या विद्यार्थ्यास थोडे बोलू द्यावे. या दोघींस कळले नाही, परंतु त्यांच्या भाषा एकमेकींस ओळखतात. पोलिश भाषेत मुलगा म्हणजे ‘सिन्’, आपला ‘सूनु’; भाऊ म्हणजे ‘ब्रात्’, आपला ‘भ्राता’. सासूस आज तेथे दुसरा शब्द रूढ आहे. परंतु जुन्या पोलिशमध्ये नवऱ्याच्या आईस ‘श्विएक्रा’ म्हणत, ती आपली ‘श्वश्रू’. आणि नवऱ्याच्या भावास जो शब्द होता तो आपल्या ‘देवर’ या शब्दाचा सख्खा भाऊ. घरास ते ‘दोम्’ म्हणतात. वेदांत ‘दम’ म्हणजे घर, आणि ‘दंपती’ म्हणजे त्या घराचे धनी. सासू, दीर व घर हे शब्द सहस्रावधी वर्षे दोन्हीकडे टिकले, ते माणसांच्या नित्याच्या कामाचे होते म्हणूनच.

आता त्या मेजावरील एका गोष्टीने आमच्या घरी जो गोंधळ उडाला तो सांगतो. मुलीने भोजनाचे छायाचित्र पाठविले. त्यात एक जागा रिकामी होती. थाळी, चमचे, पेला सर्व मांडलेले, परंतु बसलेले कोणी नाही. आमच्या भावजयींचा चेहरा उतरला. आपल्याकडे माणसावाचून पान मांडतात ते पितरांस. शुभदिनी असे पान कशासाठी? मुलीने खुलासा कळविला, की ती जागा अवचित येणाऱ्या पाहुण्याची. त्या रात्री कोणी वाटसरू दाराशी आला तर त्यास ‘जागा नाही’ असे म्हणावे लागू नये, म्हणून एक थाळी नेहमीच अधिक. जे दूर आहेत किंवा गेले आहेत त्यांचीही आठवण त्या जागी करतात. अतिथीस देव मानणाऱ्या, वैश्वदेव झाल्यावर दाराशी येऊन पाहुण्याची वाट पाहण्याचा आचार सांगणाऱ्या आपल्या परंपरेस यात परके असे काय आहे?

त्या घरी रिकाम्या थाळीचा अर्थ आजेसासूबाईंस सर्वांहून अधिक ठाऊक आहे. हे कुटुंब राहते ते व्रोत्सवाफ नगर १९४५ पर्यंत ब्रेस्लाउ नावाचे जर्मन शहर होते. महायुद्धानंतर सीमा पश्चिमेकडे सरकल्या. तेथील जर्मन रहिवाशांस घालवून देण्यात आले, आणि पूर्वेस ल्वूव्ह (आजचे युक्रेनमधील ल्व्हीव) व त्याच्या आसपासच्या प्रदेशातून निघावे लागलेले पुष्कळ पोलिश लोक तेथे येऊन राहिले. आजेसासूबाई त्या वेळी आठ वर्षांच्या होत्या. दुसऱ्या कोणाच्या घरात, दुसऱ्या कोणाच्या मेजावर त्यांनी पहिला नाताळ केला. तो गव्हाचा पदार्थ त्यांच्या आईने गावाकडून आठवणीत बांधून आणलेला. त्यांनी आमच्या पुतणीस दुभाष्याकरवी म्हणजे आपल्या नातवाकरवी एवढेच विचारले, “तुझी आई या सणास काय करते?” आमच्याकडे हा सण नसतो, असे तिने सांगितले. तेव्हा त्या म्हणाल्या, “मग तिच्या सणास काय करते ते सांग.” भोजन होईपर्यंत पुरणपोळीची कृती चालली होती.

आम्हां कोल्हापूरकरांस या गोष्टीचे अगत्य वाटण्याचे आणखी एक कारण आहे. सोव्हिएत सत्तेने १९४० व १९४१ साली पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या लोकांपैकी सुमारे पाच हजार, बहुतेक स्त्रिया व मुले, इराणमार्गे आपल्या देशात आले आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापुराजवळ वळिवडे येथील छावणीत राहिले. त्यांच्या शाळा व प्रार्थनामंदिर तेथे होते. मेजाशी रिकामी जागा ठेवणारे लोकच त्या वर्षांत आपल्या दाराशी आलेले अवचित पाहुणे होते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. आमच्या भावजयींस नाताळानंतर चार दिवस अन्न गोड लागले नाही. मुलगी दुःखी आहे, असे कळले असते तर त्यांनी धीर दिला असता. परंतु छायाचित्रात मुलगी हसत होती, आणि तेच त्यांस लागले. “आपल्यावाचूनही तिचा सण झाला की,” असे त्या एकदाच म्हणाल्या. मुलीची आई असलेल्या प्रत्येक भगिनीस हे वाक्य कळेल, म्हणून त्याचे उत्तर आम्ही येथे देतो. जी मुलगी परक्या मेजाशी हसू शकते, तिला माणसांत बसावयास कोणी तरी शिकविलेले असते. ते शिक्षण माहेरचे. ती तेथे रडत बसली असती तर त्या रडण्यात आईचे श्रेय काय होते?

जानेवारीत टपालाने एक पाकीट आले. परदेशी असलेल्या आप्तांस ओप्वातेक टपालाने पाठविण्याची पोलिश लोकांची रीत आहे. त्या रीतीने व्याहिणीबाईंनी ती आमच्या भावजयींस पाठविली होती. प्रवासात तिचे तीन तुकडे झाले होते. घरात थोडी चर्चा झाली, की परधर्माची वस्तू, तिचे काय करावे? भावजयींनी ती डब्यात जपून ठेवली आणि संक्रांतीच्या सायंकाळी तिळगुळाच्या ताटात ठेवून सर्वांस तिचा कण दिला. हातावर काही गोड ठेवावे आणि चांगले बोलावे, एवढाच दोन्हींचा अर्थ आहे, असे त्यांचे म्हणणे. यावर आमच्यासारख्या शास्त्र वाचलेल्या मनुष्यास काही सुचले नाही.

शाकुंतलाचा चौथा अंक वाचकांनी वाचलेला असेल. सासरी निघालेल्या कन्येस कण्वाने केलेला उपदेश आपल्या समाजाने फार प्रेमाने जपला आहे. लग्नात मुलीस तो ऐकविणारे वडीलधारे आम्ही पुष्कळ पाहिले. परंतु त्याच अंकात त्याच्या आधी कण्व दुष्यंतासही निरोप पाठवितो, की हिला योग्य मानाने वागवावे. मुलीस केलेला उपदेश आपण पाठ केला आणि सासरास धाडलेला निरोप विसरलो. व्रोत्सवाफ येथील त्या सासूबाईंनी कालिदास वाचलेला नाही; निरोप मात्र त्यांस पोहोचलेला दिसतो.

म्हणून वाचकांस एक सुचवितो. आपल्या घरात सून आहे. तिच्या माहेरी कदाचित गौरी खड्यांच्या असतील, आपल्याकडे मुखवट्यांच्या. तेथे गणपती दीड दिवसाचा असेल, येथे पाच दिवसांचा. तेथील पुरणपोळी दुधाशी खात असतील, येथे कटाच्या आमटीशी. ती जवळच्या गावची, आपल्याच ज्ञातीची असल्यामुळे तिचे काही परके झाले असेल, असे आपल्या मनातही येत नाही. तीही परगृहीचा पहिला सण करून बसली आहे. वीस वर्षांपूर्वी असो वा गेल्या वर्षी. त्या दिवशी तिला कोणी काही विचारले होते काय?

नसेल विचारले, तर पुढील सणास विचारावे. “तुमच्याकडे या दिवशी काय करीत?” एवढा प्रश्न पुरे. उत्तरात जो पदार्थ येईल तो त्या दिवशीच्या पानात एका बाजूस वाढावा. कुळाचार मोडत नाही. पानाची डावी बाजू पुष्कळ मोठी असते.